न पाहिलेलं शिवनी

नागपूरजवळच्या पेंच अभयारण्याच्या सिल्लारी गेटातून आत शिरून बराच वेळ झाला होता. वाघाचा पत्ता नव्हता. चितळं बघून बघून भाची कंटाळली होती आणि मार्चातल्या सकाळची थंडी उतरून उन्हाचा चटका जाणवायला लागला होता. एका नाल्याच्या वळणावर ड्रायव्हरनं जिप्सी थांबवली. समोर काळपट खडकांची रास होती. त्यातला एक खडक बाकीच्यांपेक्षा हातभर पुढे आलेला, वरून सपाट. त्याच्या मागं कडईचं झाड, पानं गळून गेलेली, सालीचा रंग हाडासारखा पांढरा. गाइड पोरगा मागं वळून म्हणाला, "हा अकेलाचा दगड जी, लांडग्यांच्या सरदाराचा. लांडग्यांची सभा इथंच भरत होती. मोगलीले इथंच आणलं होतं पहिल्यांदा." भाची ताडकन सीटवर उभी राहिली. तिनं त्या दगडाचे फोटो काढले, दगडासोबत स्वतःचे काढले आणि मग अगदी हळू आवाजात विचारलं, "मावशी, आता कुठे राहतो तो?" गाइडनं क्षणाचाही विलंब न लावता नदीपलीकडे बोट केलं. पलीकडे मध्यप्रदेश. मागून दुसरी जिप्सी आली, तिच्यातल्या गाइडनंही तोच दगड दाखवला. मुंबईकडचं कुटुंब होतं, त्यांनीही फोटो काढले.

बाहेर पडताना गेटवर नोंद करायला गाड्यांची रांग होती. मी त्या पोराला सहज विचारलं, अकेला यायच्या आधी त्या दगडाला काय म्हणायचे? तो आधी हसला. पोरगा गोंड, जवळच्याच गावचा. म्हणाला, "आजा शेंदूर लावत होता तिथं. आता आत जाऊ देत नाहीत ना पूजेले." मग जरा थांबून, "पर्यटकाले ते सांगून काय फायदा?" तेवढ्यात रांग पुढे सरकली आणि त्याला दुसऱ्या फेरीची गाडी मिळाली.

हे माझ्या डोक्यातून जाईना.

कारण मला माहीत होतं की मोगलीचं 'जंगल बुक' लिहिणारा रडयर्ड किपलिंग इथं कधी आलाच नव्हता. नागपूरच्या माणसाला हे कळतं तेव्हा थोडं फसवल्यासारखं वाटतं. लहानपणापासून आम्ही मोगलीला शेजारचाच समजत आलो आहोत. रविवारी सकाळी दूरदर्शनवर ते जपानी कार्टून लागायचं, तेव्हा गल्लीत चिटपाखरू नसायचं, आणि शेरखानाच्या तोंडून नाना पाटेकरांचा आवाज आला की आमच्या घरात आजोबांसकट सगळे खूश व्हायचे. वाघ आपला, आवाज आपला, नदी तर आपलीच. पुढे केव्हातरी पुस्तक हातात आलं. त्यात पहिल्याच पानांवर मध्यप्रदेशातल्या शिवनीच्या टेकड्या होत्या, आणि शेरखान वैनगंगेकाठी, वीस मैलांवर राहतो असं लिहिलेलं होतं. वैनगंगा! पाठ्यपुस्तकातल्या प्रश्नोत्तरांपलीकडे आमची नदी कुठल्या छापील गोष्टीत आलेली मी तोवर पाहिली नव्हती. मी ते वाक्य आईला वाचून दाखवलं होतं. तिनं पोळ्या लाटता लाटता "हो का" म्हटलं होतं.

तर तो आला नव्हता. ज्या वेळी त्यानं हे जंगल लिहिलं, त्या वेळी तो अमेरिकेत, व्हरमाँटमध्ये ब्रॅटलबरो गावाजवळ राहत होता. १८९२ साल. नवं लग्न, बँक बुडाल्यामुळे हातात पैसा बेताचा, बायको गरोदर आणि भाड्याचं छोटंसं घर. लिहायची खोली सात फूट बाय आठ फूट होती आणि डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत बर्फ खिडकीच्या चौकटीपर्यंत चढलेलं असायचं, असं त्यानंच पुढं आत्मचरित्रात नोंदवून ठेवलंय. मला ही खोली त्या दगडापेक्षा जास्त खरी वाटते. बाहेर पांढरंशुभ्र, आत शेगडी पेटलेली, आणि टेबलाशी बसलेला सव्वीस-सत्तावीस वर्षांचा जाड चष्म्याचा माणूस लिहितोय की शिवनीच्या टेकड्यांत संध्याकाळचे सात वाजलेत, उकडतंय, आणि लांडगा झोपेतून उठतोय. पुढं एक-दोन वर्षांनी, तिथंच व्हरमाँटमध्ये, त्यानं लिहिलं की उन्हाळा एवढा कडक पडला, मोह फुललाच नाही. सायाळ सांगते, रानातले कंद वाळत चाललेत. वैनगंगेचं पाणी आटत आटत जातं, पात्राच्या मधोमध शांतिशिळा उघडी पडते, आणि हत्ती सोंड वर करून पाणी-तहाची हाक देतो : जोवर ही शिळा दिसतेय तोवर पाणवठ्यावर कुणी कुणाला मारायचं नाही. त्या भाड्याच्या घरातच १८९२ च्या डिसेंबरच्या शेवटी त्याची पहिली मुलगी जन्मली होती, जोसेफिन. पुस्तक १८९४ मध्ये आलं, दुसरं १८९५ मध्ये. एका प्रतीवर त्यानं जोसेफिनसाठी स्वहस्ते लिहिलेल्या ओळी आहेत. ती प्रत २०१० मध्ये इंग्लंडमधल्या विंपोल हॉलच्या ग्रंथालयात सापडली. जोसेफिन मात्र १८९९ मध्ये, सहा वर्षांची असताना, न्यूयॉर्कला न्यूमोनियानं गेली. ज्या मुलीला मोगली ऐकवायचा तीच राहिली नाही, हे कळल्यापासून ते पाणी-तहाचं प्रकरण मला वेगळंच वाटायला लागलंय. उगाच असेल.

मग शिवनी आलं कुठून? पुस्तकांतून. रॉबर्ट आर्मिटेज स्टर्नडेल नावाच्या इंग्रजानं १८७७ मध्ये सातपुड्यातल्या शिकारी मुक्कामांवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं होतं, त्याच्या नावातच शिवनी होतं. ह्याच स्टर्नडेलचं भारतातल्या सस्तन प्राण्यांवरचं पुस्तकही किपलिंगनं वापरलं. शिवाय वडील जॉन लॉकवुड किपलिंग यांनी १८९१ मध्ये भारतातल्या माणसांवर आणि जनावरांवर लिहिलेलं पुस्तक घरातच होतं. गंमत म्हणजे गोष्टीच्या पहिल्या खर्ड्यात लांडगे शिवनीत नव्हतेच, ते मेवाडात होते, अरवलीच्या डोंगरात. मेवाड त्यानं पाहिलेलं होतं. १८८७ मध्ये वर्तमानपत्राचा बातमीदार म्हणून तो चितोडगड फिरला, आणि तिथल्या ओसाड वाड्यांनी, गोमुखाच्या पायऱ्यांनी त्याला इतकं घाबरवलं की तो तिथून जवळजवळ पळतच निघाला. वानरांचं उजाड शहर वाचताना तो चितोड दिसत राहतो. म्हणजे गड राजस्थानातून उचलला, लांडगे राजस्थानातून उचलले आणि सगळा संसार आणून मांडला सातपुड्यात, दुसऱ्याच्या पुस्तकाच्या भरवशावर. बहुतेक त्याला घनदाट जंगल हवं होतं. अरवलीत ते कुठून मिळणार?

मी नकाशा घेऊन बसले. असल्या कामांत मला फार रस. पुस्तकात मोगलीला जेवू घालणारी मेसुआ आणि तिचा नवरा गावकऱ्यांच्या तावडीतून सुटून खान्हिवाऱ्याला जातात, तीस मैल लांब, कारण तिथं इंग्रज आहेत आणि इंग्रज साक्षीदारांशिवाय कुणाला जाळू देत नाहीत. (किपलिंगचं हे असं असतं. आपण वाहवत जातोय तोवर मध्येच साहेब येऊन बसतो.) हे कान्हीवाडा शिवनी जिल्ह्यात आजही आहे. तिथवर ठीक. पण लांडगे? लांडगा हा माळाचा प्राणी. खुरटं गवत, बोडके उतार, मेंढपाळांची वस्ती, हे त्याचं राज्य. महाराष्ट्रात लांडगा बघायचा तर सोलापूरकडे जावं, इंदापूरच्या कडबनवाडीला जावं; तिथं धनगराला विचारलं तर तो आज सकाळीच कुठून गेला ते सांगेल. पेंचच्या सागवानात लांडगा दिसला तर ती बातमी होते. अरवलीतून उचलून आणलेले लांडगे नव्या जागी काही रुजले नाहीत, असं म्हणायचं. मग त्या मधमाश्यांच्या कपारी. रानकुत्र्यांच्या टोळीला मोगली ज्या घळीत नेतो ती घळ : दोन्हीकडे उंच कडे, कड्यांना लोंबणारी आग्या मोहोळं आणि खाली खोल पाणी. वैनगंगेचं जेवढं पात्र मी पाहिलंय त्यात असं काही नाही, आमची वैनगंगा ऐसपैस पसरून वाहणारी. अशी घळ आहे ती नर्मदेला, जबलपूरजवळ भेडाघाटाला, आणि तिथली आग्या मोहोळं इंग्रज शिकाऱ्यांच्या पुस्तकांत आधीच गाजलेली होती. म्हणजे नदीही दोन नद्यांची मिळून केलेली.

एवढं सगळं शोधून हाती काय लागलं, तर चिडचिड. जणू काही किपलिंगनं माझ्याकडून भाडं घेऊन मला दुसऱ्याचंच घर दिलं होतं.

मधल्या काळात मुंबईला कामानिमित्त जाणं झालं आणि सीएसएमटीहून चालत जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात गेले. तिथं झाडांच्या गर्दीत तो जुना लाकडी बंगला आहे आणि किपलिंग इथं जन्मला अशी पाटी आहे. ३० डिसेंबर १८६५. पाटी बंगल्याला असली तरी ज्या घरात तो जन्मला ते घर हे नव्हे. ते केव्हाच पाडलं गेलं, हे नंतर उभं राहिलं. इथंही म्हटलं तर अकेलाचा दगडच. पण बाहेर येऊन क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला वळले आणि तिथं मात्र पाय थांबले. दारांवरची ती दगडी कोरीव चित्रं लॉकवुड किपलिंगनं आखलेली, मजूर, ओझी, बाजाराची लगबग. आत आंब्याच्या पेट्या उघडत होत्या, पेंढ्याचा आणि पिकलेल्या फळांचा वास, हमाल ओरडत होते. किपलिंगनं सत्तरीला टेकल्यावर आत्मचरित्र लिहायला घेतलं तेव्हा त्याला आठवलेली आयुष्यातली पहिली गोष्ट होती पहाट, उजेड आणि आपल्या खांद्याच्या उंचीवर सोनेरी न् जांभळी फळं. आयेचं बोट धरून मुंबईच्या फळबाजारात जायचा तो. खांद्याच्या उंचीवर! हे वाक्य एखाद्या लहान मुलालाच सुचावं, आणि त्यानं ते साठेक वर्षं जपून ठेवलं होतं. मी वाकून पाहिलं, खरंच, तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलाच्या खांद्याशी फळांच्या ढिगाची कड येते. फळवाला म्हणाला, "ताई, काय हरवलं?"

त्या आयेचं नाव त्यानं दिलेलं नाही. ती पोर्तुगीज रोमन कॅथलिक होती, एवढंच लिहिलंय. म्हणजे गोव्याची किंवा वसई-साष्टीकडची आपलीच बाई. रस्त्याकडेच्या क्रुसापाशी थांबून प्रार्थना करायची, पोरगा शेजारी उभा. सांभाळायला दुसरा गडी होता मीता, हिंदू, तो त्याला छोट्या छोट्या देवळांत घेऊन जायचा आणि काळोखातले देव हा मुलगा डोळे मोठे करून पाहायचा. दुपारी झोपण्याआधी ही दोघं गोष्टी सांगायची, इथली अंगाईगीतं म्हणायची. संध्याकाळी आईवडिलांसमोर नेताना बजावायची की आता इंग्रजीत बोल हं. मग तो अडखळत, मनातल्या मनात भाषांतर करत बोलायचा, कारण विचार आणि स्वप्नं सगळी इथल्या बोलीत चाललेली असायची. पाच वर्षांचा झाला आणि १८७१ मध्ये त्याला इंग्लंडला परक्या घरी ठेवून आईवडील परत आले. त्या घरात त्याचे फार हाल झाले. आता ह्या माणसाला पुढं बर्फात बसून एक उघडंनागडं पोर सुचतं, आईबापापासून तुटलेलं, दुसऱ्याच जातीनं दूध पाजून वाढवलेलं, दोन्हीकडच्या भाषा येणारं आणि दोन्हीकडून हाकललं गेलेलं. हे शिवनीत कशाला शोधायचं? मला तर वाटतं लांडगीण ती आयाच. वैनगंगेच्या काठानं काय दिलं असेल तर नुसतं नाव दिलं. आतला ओलावा मुंबईच्या दुपारचा आहे. आणि तरीही त्याच किपलिंगला पुढं इथल्या माणसांनी राज्य करावं हे अजिबात पटलं नाही. ज्यांच्या मांडीवर वाढला त्यांना तो कायम सांभाळायची लेकरं समजला. हा माणूस आवडतोही आणि रागही येतो, दोन्ही एकदमच.

पण नावाला 'नुसतं' म्हटलं ते मला नंतर बोचलं.

माझं आजोळ पवनीचं. भंडारा जिल्हा, झाडीपट्टी. वैनगंगा तिकडून खाली येते ती मोठा वळसा घेऊन. शिवनीजवळ मुंडाऱ्याला उगम पावते, आधी उत्तरेला चालते, मग जणू काही विसरल्यासारखी फिरून दक्षिणेला येते, पुढं वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि शेवटी गोदावरीत जाते. आमच्या लहानपणी उन्हाळ्यात पात्रातल्या वाळूत ढीवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, डांगरवाड्या असायच्या; डांगर म्हणजे खरबूज. वाळूत खड्डा केला की गार पाणी वर यायचं, त्यात डांगर ठेवायचं आणि संध्याकाळी फोडायचं. वाळू तळपायाला चटके द्यायची, म्हणून आम्ही रुमाल टाकत टाकत त्यावरून उड्या मारत पाण्यापर्यंत जायचो. मे महिन्यात पात्रातले खडक उघडे पडायचे आणि त्यातला कुठला शांतिशिळा यावर मामेभावंडांशी माझी भांडणं व्हायची. पवनीच्या वरच्या अंगाला गोसीखुर्दचं धरण १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी होऊन सुरू झालं, ते बांधता बांधता आमची अख्खी पिढी म्हातारपणाकडे झुकली. धरणाच्या फुगवट्यात गावं गेली, शेतं गेली, डांगरवाड्या गेल्या. आता तिथं पाण्यावर जलपर्णीचा हिरवा गालिचा असतो आणि त्याला कारण आम्ही नागपूरकरच. पेंच नदीचं तोतलाडोहचं पाणी आम्ही पितो. मोगलीच्याच जंगलातून, त्या दगडापासून फार लांब नाही, तिथून आमच्या नळाला येतं. वापरून झालं की नाग नदीत सोडतो, नाग नदी कन्हानला, कन्हान वैनगंगेला. म्हणजे जंगलानं दिलेलं पाणी सांडपाणी करून आम्ही त्याच खोऱ्यात परत पाठवतो. पाणी-तहाच्या गोष्टीत तहान लागलेला वाघ नदी विटाळतो म्हणून हत्ती त्याच्यावर खवळतो. आमच्यावर खवळायला कुणी नाही. राष्ट्रीय हरित लवादात खटले चालतात, तेवढंच.

दुसऱ्या पुस्तकात एक गोष्ट आहे, गावावर जंगल सोडल्याची. ती मी मुलांना वाचून दाखवत नाही. मेसुआला चेटकीण ठरवणाऱ्या गावाचा मोगलीला इतका राग येतो की तो हत्तीला आणि त्याच्या तीन मुलांना बोलावतो. आधी हरणं आणि डुकरं पीक खातात, मग हत्ती धान्याच्या कणग्या फोडतात, मग घरांची छपरं ओढतात, आणि पावसाळ्यात उरलंसुरलं वाहून जातं. त्याच्या मध्यावर एक प्रसंग आहे. घाबरलेले गावकरी जवळच्या गोंडांच्या प्रमुखाला बोलावतात. काळा, किरकोळ शरीराचा शिकारी, हातात धनुष्य. तो येतो, उजाड झालेली शेतं बघतो आणि काही न बोलता रानकारल्याचा वेल उचलून देवळाच्या दारावर आडवातिडवा विणायला लागतो. आतल्या शेंदरी मूर्तीच्या डोळ्यांसमोर. मग हवेत हात ढकलून कान्हीवाड्याच्या रस्त्याकडे बोट करतो आणि निघून जातो. गावकऱ्यांना समजतं. किपलिंगनं इथल्या गोंडाला दिलेला मान म्हणायचा तर एवढाच, पण एवढ्यात तो माणूस सगळ्या पुस्तकाला पुरून उरतो. त्याला न बघता हे कसं लिहिलं, हा प्रश्न मला आजही सुटलेला नाही.

त्या गोष्टीनंतर शंभरेक वर्षांनी ते खरोखरच घडायला लागलं, फक्त हत्तींऐवजी कागद आले. पेंचचा मध्यप्रदेशातला भाग १९९२ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, आपल्याकडचा १९९९ मध्ये. देशभर अशा प्रकल्पांच्या गाभ्यातली गावं उठवायला सुरुवात झाली, कुटुंबामागे २००८ पासून १० लाख रुपये, २०२१ पासून १५ लाख. तोतलाडोहला धरण बांधायला आणलेली माणसं धरण झाल्यावर तिथंच राहिली, जलाशयात मासे धरून पोट भरू लागली, आणि एके दिवशी कळलं की हे पोट भरणं आता गुन्हा आहे. वाघ वाचले, हे खरं. ते मला हवं होतं, हेही खरं. वाघ बघायला हजारो रुपयांची जिप्सी घेऊन मीच जाते. पण पडक्या जोत्यांवर कारल्याचा वेल चढलेला पाहिला की कुणाच्या बाजूनं उभं राहावं ते सुधरत नाही. किपलिंगनं मोगलीची सर्वांत आधी छापलेली गोष्ट लिहिली ती जंगल बुकाच्याही आधी, १८९३ मध्ये, आणि तिच्यात मोगली मोठा झालाय. त्याचं पुढं काय होतं माहितीय? त्याला जंगल खात्यात वनरक्षकाची नोकरी लागते. महिन्याला पगार आणि शेवटी पेन्शन! शेंदूर लावणाऱ्या आज्याचा नातू त्याच खात्याच्या गेटवर गाइडचा बिल्ला लावून उभा असतो, फक्त त्याला पेन्शन नाही, फेरीमागे मानधन आहे. किपलिंगला एवढं अचूक भविष्य दिसायला नको होतं.

शिवनीकडे जाणारा नागपूरचा हायवे आता जंगलातून उंचावरून जातो. खालून जनावरांना जायला मोकळ्या कमानी ठेवल्यात, महाराष्ट्राच्या हद्दीत अशी नऊ बांधकामं आहेत, आणि कॅमेऱ्यांत वाघापासून रानकुत्र्यांपर्यंत सगळे तिथून जाताना दिसलेत. पुढं मध्यप्रदेशात रस्त्याच्या कडेनं आवाज आणि हेडलाइट अडवणाऱ्या भिंती आहेत. खवासा आलं की ढाबे आणि रिसॉर्ट सुरू होतात, त्यांच्या पाट्यांवर बघिरा, बालू आणि 'का' हा अजगर. अकेलाच्या नावानंही एक ढाबा आहे, तिथली शेवभाजी बरी असते.

रानकुत्र्यांचं राहिलं. आपल्याकडे कोळसुंदे म्हणतात. पुस्तकातला शेवटचा मोठा शत्रू वाघ नाही, हे आहेत, दोनशेंची लाल टोळी, आणि ती येते दक्षिणेतून, 'दख्खन'मधून. हे पहिल्यांदा नीट लक्षात आलं तेव्हा मी हसलेच. म्हणजे आपण! दख्खनेतून टोळीनं येणारे, वाटेत येईल ते फस्त करणारे, ज्यांच्या नुसत्या बातमीनं शिवनी थरथरते. शिवनी १८१८ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या मुलखात होतं आणि पेंढाऱ्यांच्या आठवणी इंग्रजांच्या दप्तरांत ताज्या होत्या. किपलिंगच्या मनात तसं होतं असं मी म्हणत नाही, हे माझं आपलं. पण कोळसुंद्याची बदनामी ही निव्वळ गोष्टीतली नव्हती. इंग्रजी अमलात त्याला मारायला इनाम मिळायचं, कारण तो टोळीनं पळवून, जिवंतपणीच पोट फाडून मारतो, आणि शिकाऱ्याला हे सभ्य वाटत नव्हतं. साहेबाचं हरीण खातो हा खरा राग. आज जगभरात तो संकटात सापडलेला प्राणी आहे आणि पेंचमध्ये दिसला तर नशीब म्हणायचं.

आम्हाला ते दिसले, खुरसापारच्या बाजूला, दुसऱ्या एका फेरीत. तांबूस, आपल्या गल्लीतल्या कुत्र्याहून जरा लहान वाटणारे, शेपटीचा काळा झुबका, कान गोलसर. रस्त्याच्या मधोमध बसले होते. त्यातला एक उठला, दुसऱ्याच्या तोंडाला तोंड लावून काहीतरी मागितल्यासारखं केलं, तर दुसऱ्यानं खाल्लेलं ओकून त्याच्यासमोर ठेवलं आणि पिल्लं धावत आली. शीळ घातल्यासारखा आवाज झुडपातून आला, मग दुसरीकडून तसाच. मला अजून थांबायचं होतं. पण समोरून आलेल्या गाडीनं हातानं खूण केली, पाणवठ्यावर वाघ आहे म्हणून, आणि आमच्या ड्रायव्हरनं मला न विचारताच गिअर टाकला. रानकुत्रे कंटाळल्यासारखे बाजूला झाले. पाणवठ्यावर पोचलो तेव्हा गाड्या ओळीनं उभ्या होत्या, प्रत्येक गाडीतली माणसं दुसऱ्या गाडीला विचारत होती, दिसला का? वाघ काही आला नाही. अर्ध्या तासानं ड्रायव्हर म्हणाला, "ते कुत्रे बरे होते बापा."